मेणाची साखळी

दौलत मास्तर मागून आले की आधी मधाचा वास येई, मग मास्तर. सायकलचा आवाज अजिबात नाही. एकदम कानाशी "नमस्कार जी!" ऐकू आलं की माझ्या काळजाचं पाणी होई.

साठ सालाच्या आगेमागे मी अकोल्याहून बदलून धारणीला आलो, तेव्हा हे मास्तर माझे शेजारी. बायको वारल्यापासून एकटेच राहायचे. रोज जंगलातल्या रस्त्यानं सायकल हाणत पलीकडच्या गावच्या शाळेत जायचे. रविवारी अंगणातल्या चुलीवर जुन्या पातेल्यात मधाच्या पोळ्याचं मेण वितळे आणि मास्तर त्यात सायकलची साखळी शिजवत. पहिल्या रविवारी तर मी भाजी कसली म्हणून विचारलं होतं.

"पण मास्तर, तेल का नाही घालत?"

"तेल म्हंजे धुळीले आवतन!" ते डोळे वटारत. "धूळ आली का साखळी बोंबलून राहते. मेनाची पाहा, नव्या सुनेवानी गप!"

या विषयावर ते तासन्‌तास बोलत. माणूस तेलवाला निघाला, तर त्याला चहासुद्धा मिळायचा नाही.

एकदा पंक्चर काढताना सायकलवाल्यानं प्रेमानं साखळीला तेल पाजलं. त्या संध्याकाळी मास्तर गल्लीच्या तोंडाशी दिसले ते सायकल खांद्यावर घेऊन, घामाघूम.

"पुन्हा पंक्चर?"

"हळू बोला जी. तेल घातलं त्यानं. दिवसभर धूळ खाल्ली, आता करकर करून राहिली."

"मग करू द्या की!"

मास्तरांनी आपल्या बंद घराकडं पाहिलं. "मंडळी आजारी होती न, तवा डाक्टरनं उठू नको म्हनलं होतं. पन साखळी वाजली का उठलीच कडी काढाले. शेवटच्या दिवशीबी उठली. अजूनबी उठते. कावून तरास द्या तिले?"

मी पुढं होऊन सायकलला हात लावला. दारापाशी उतरवताना माझा पाय पायडलला लागला आणि साखळी करकरली.

दाराला बाहेरून कुलूप होतं. आत कडी काढल्याचा आवाज आला. मी दोन पावलं मागं सरलो.

मास्तर मात्र दाराला तोंड लावून अगदी हळू म्हणाले, "पड तू, पड. किल्ली हाये माह्याजवळ."