पाठमोऱ्या बाई

माझ्या सासूबाई कुणाच्याही शेजारी बसल्या, की त्याच्या उलट दिशेला तोंड करून बसतात. शेजारचा पूर्वेकडे पाहत असेल, तर या पश्चिमेकडे. एस.टी.च्या थांब्यावर, कीर्तनात, दवाखान्याबाहेर, कुठंही. मांडी घालणं त्यांना माहीत नाही. उकिडव्या बसतात, टाचा जराशा उचललेल्या, तळहात जमिनीला टेकलेले, मान ताठ. आत्ता कुणी ओरडेल आणि या सुटतील, असं पाहणाऱ्याला वाटतं.

विमलबाई धामणगाव बढ्याच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं, म्हणून मीही बाईच म्हणतो. खो-खोमध्ये मधल्या रेषेवरच्या चौकांत बसणारे गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. बाई शाळेतून निवृत्त झाल्या, चौकातून नाही. धाड गावी एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी शेजारणींनाही तसंच बसवलं होतं, एक इकडे, एक तिकडे. वाढणारा पोरगा वरणाची बादली घेऊन मध्येच गोंधळून उभा राहिला.

"दोन्हीकून वाढ नं बे," बाई म्हणाल्या, "कंबर कायले देल्ली तुले देवानं?"

त्यांचा दुसरा नाद सांध्यांचा. काहीही बिघडलं, की त्या विचारतात, "सांध्याले विचारलं होतं का?" माझ्या बायकोच्या हातून दूध सांडलं, तरी मनगटाची चौकशी आधी. टीव्हीवर क्रिकेट लागलं की त्या धावा बघत नाहीत, गोलंदाजाचा हात बघतात. "खांदा म्हंजे उखळ. त्याच्यात मुसळ चारी अंगानं फिरते, म्हनून हात चाकासारखा येते. कोपर म्हंजे दाराची बिजागरी. तिले एकच काम, उघडनं अन् लावनं. गडी कोपरातून फेकाले लागला का समजा लबाडी चालू झाली." आणि खरोखर एकदा पंचानं तसा नोबॉल दिला, तेव्हा बाईंनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू पंच त्यांचा विद्यार्थी होता.

मी जावई, त्यामुळे मला अतिशय मान. माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळत नाही, नाव घेत नाहीत, मी घरात असताना खुर्चीवर बसत नाहीत. हा सगळा मान सांभाळून त्या मला झापतात. एकदा मी गॅसची टाकी उचलत होतो. पदर पुढे ओढून बाई दाराआडून म्हणाल्या, "जावईबापू, कमरेतून नका वाकू जी. कंबर तोलाले हाय. वाकाचं तं खुब्यातून. बुड मांगं काढा. काढा नं, लाजता काऊन?" मी बुड मागे काढलं. टाकी उचलली गेली. बाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसल्या.

अशा बाई गेल्या हंगामात सोयाबीनवरून पडल्या. कुणीतरी रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनचे दाणे पायाखाली आले आणि गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, तारेनं वाटी बांधली, पाय कितीतरी दिवस पट्ट्यानं सरळ बांधून ठेवला. "जिंदगीभर खांबाले सूर मारले, हाड मोडलं नाही," त्या म्हणाल्या. "शेवटी सोयाबीननं आउट केलं."

पट्टा निघाला तेव्हा गुडघा आखडलेला होता. बाई तेव्हा बुलढाण्याला आमच्याकडेच होत्या. घराजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बाईंचा गुडघा किती वाकला म्हणजे तुमचं भागेल?"

त्यांनी मला विचारलं, आणि मी उत्तर दिलं. "आता या वयात काय, खुर्चीवर बसता आलं तरी पुष्कळ." बाई शेजारच्या पलंगावरच होत्या. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. येताना मी हातांची एक चांगली खुर्ची विकत घेतली आणि मोठ्या समाधानानं घरी आणली.

रात्रीची भांडी आवरताना माझी बायको संगीता शांतपणे म्हणाली, "बाईच्या घरात संडास जमिनीवर, शेगडी जमिनीवर, नळ गुडघ्याएवढ्या उंचीवर. खाली बसता आलं नाही अन् बसून उठता आलं नाही, तर तिला पुन्हा त्या घरात राहता येईल का? तुम्ही आज डॉक्टरला तिचं घर बंद करायला सांगून आलात."

मला अपराधी वाटायला फारसं काही लागत नाही. आमच्या कचेरीत वीज गेली, तरी मी आधी स्वतःच्या हातांकडे बघतो. पण या वेळी अपराध खरा होता, आणि तो हातांची खुर्ची होऊन बैठकीत उभा होता.

बाई त्या खुर्चीवर बसल्या. एक आठवडा. मग म्हणाल्या, "झालं हे. याच्याहून बुटकं आना."

त्यानंतर आमच्या घरातल्या बसायच्या वस्तू एकेक करून बुटक्या होत गेल्या. खुर्चीनंतर स्टूल आलं, स्टुलानंतर तेलाचा रिकामा डबा, डब्यानंतर चौरंग, चौरंगानंतर पाट. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी गुडघ्याचा कोन मोजायची, बाई मात्र डब्यावर किंवा चौरंगावर मोजायच्या. "गंजली बिजागरी एका झटक्यानं उघडली का खिळा तुटते," त्या तिलाच समजावत. "तिले रोज थोडी हलवा, कुरकुरू द्या." अंगणातून त्यांचा आवाज यायचा, शाळेतल्या पोरीला रागवावं तसा: "विमल, घोटा दाब! घोटा नाही दबला तं गुडघा कसा उठीन? मंग खुबा उघड! आळशी कुठली!" डोळ्यांतून पाणी वाहायचं, आवाज शिट्टीसारखा.

मी फाटकातून आत आलो, की हे सगळं थांबायचं. पदर डोक्यावर यायचा, हात मांडीवर. शेवटी संगीताच म्हणाली, "तुम्ही असलात की तिला जोर लावता येत नाही. जरा उशिरा येत जा." मग मी कचेरीतून निघून तळ्याच्या बाजूला उगाच फिरायचो. बाईंच्या गुडघ्यासाठी माझे दोन्ही गुडघे दुखायला लागले.

प्रत्येक वेळी त्यांना उठवायला संगीता लागायची. ती मागून जाऊन पाठीवर थाप द्यायची आणि म्हणायची, "खो!" त्याशिवाय बाई उठतच नसत. मला वाटलं, हाही खेळाचा नाद. तेव्हा संगीतानं सांगितलं, की ही सवय बाबांची. माझे सासरे जन्मात कधी खो-खो खेळले नाहीत. पण पहाटे चहा ते करायचे, आणि तो झाला की दारापुढच्या ओट्यावर पाठमोऱ्या बसलेल्या बाईंना मागून खो द्यायचे. तेव्हा बाई उठायच्या. ते गेल्यापासून बाई स्वतः चहा करतात, ओट्यावर नेऊन ठेवतात आणि तो गार झाल्यावर पितात.

परवाच्या रविवारी संगीता बाजारात गेली होती. मी नेहमीसारखा फिरून आलो, पण अंदाज चुकला, ती अजून आली नव्हती. अंगणात चौरंग नव्हता, पाटही नव्हता. बाई थेट जमिनीवर, चौकात बसल्यासारख्या, फाटकाकडे पाठ करून बसलेल्या. डाव्या पायाची टाच थरथरत होती.

"संगीता?"

"नाही बाई, मी आहे."

पदर वर गेला. "बाजार उठला नाही का अजून?"

"येईल इतक्यात. हात देऊ का?"

"हात कायले? आज पाटाबिगर बसली मी. उठता येते मले." जरा थांबून त्या म्हणाल्या, "पन खो देल्ला नाही कोनी. खो देल्याबिगर उठलं का फाउल होते."

त्यांना उठता येत होतं की नाही, मला कळेना. विचारायची हिंमत नव्हती. त्यांच्या वतीनं उत्तर मी एकदा देऊन बसलोच होतो. मी मागे जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी या बाईंना पाया पडण्यापुरताच शिवलो होतो. हात पँटला पुसला, पाठीवर टेकवला. पाठ फार लहान होती.

"खो," मी म्हणालो.

बाई हलल्या नाहीत. "ऐकू नाही आला जी."

"खो!"

टाच दबली. घोट्यानं जमीन ढकलली, गुडघा करकरत उघडला, अर्ध्यात अडकला, बाईंनी दात आवळले, मग खुबा सरळ झाला आणि खांदे डावीकडे वळले. खो-खोत खांदे वळले की दिशा ठरते, मागे फिरता येत नाही. त्या तशाच लंगडत, पण पळायच्याच आविर्भावात, धुण्याच्या दगडापर्यंत गेल्या आणि खांब शिवावा तसा त्याला हात लावला.

"बाई, जमलं!" मी ओरडलो. "आता धामणगावला जाता येईल तुम्हाला!"

"हाव. जाईन नं. पुढच्या सोमवारी जाईन."

धापा टाकत त्या परत आल्या. पदर खांद्यावर घसरला होता. तो त्यांनी सावरला नाही. हळूहळू त्या पुन्हा खाली बसल्या, त्याच जागी, माझ्याकडे पाठ करून.

"एक डाव अजून द्या जी," त्या समोरच्या भिंतीला म्हणाल्या. "जरा जोरानं. तुमचे सासरे जोरानं द्याचे."