आसेगावची बरोबरी

"खेळ समाजाला जोडतो, असं जगातले सगळे विद्वान म्हणतात. पण नेमका किती घट्ट जोडतो, हे मी सिद्ध करणार!" वाशीमच्या बसस्थानकावर आसेगावची बस लागेपर्यंत प्रज्वलने शेजारच्या अनोळखी गृहस्थांना एवढं सांगून टाकलं. गृहस्थ उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. हा पहिला इशारा होता. प्रज्वलने तो मनावर घेतला नाही.

विषयच तसा वजनदार होता. 'ग्रामीण क्रीडा आणि सामाजिक सलोखा'. पीएचडीचा! त्यासाठी त्याने मामाचं गाव निवडलं, कारण आसेगाव आदर्श होतं आणि तुळसामामीची भाकर संशोधनाला फार मानवायची.

आसेगावात रोज संध्याकाळी मारुतीच्या पारासमोर कबड्डी रंगायची. गावाचे दोन भाग, वरचं वेटाळ आणि खालचं वेटाळ, एकमेकांवर तुटून पडायचे. पंच कायमचे जगदेवमामा. दिवस बुडाला की मामा गळ्यातली शिट्टी फुंकत आणि एकच निकाल देत, "बरोबरीत सुटला!" मग सगळे एकाच हातपंपावर पाय धुऊन एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून घरी जात. वरच्या वेटाळाचा विकास आणि खालच्याचा राजपाल तर एकाच ट्रॅक्टरचे भागीदार होते.

प्रज्वलचा ऊर भरून आला. सलोखा म्हणतात तो हाच! त्याने ताबडतोब मार्गदर्शक उज्ज्वला मॅडमना फोन लावला.

"भावना नको," मॅडम म्हणाल्या. "आकडे आण."

त्याने कडुलिंबाच्या बेचक्यात मोबाइल खोचून सबंध उन्हाळाभर सामने टिपले. मग एकेक चढाई, एकेक पकड तपासली आणि पुन्हा तपासली. वरचं वेटाळ जवळजवळ रोज जिंकत होतं! नुसतं जिंकत नव्हतं, खालच्यांना ज्वारीसारखं झोडपत होतं! राजपाल तर मैदानात कमी आणि बाद होऊन बाहेर बसलेलाच जास्त होता. आणि निकाल? बरोबरी!

"मामा, तुमची बेरीज चुकते," तो जेवताना म्हणाला.

मामांचा घास हातातच राहिला. "चुकते तं चुकू दे ना, भाच्या. हे कोनाले दाखवू नको."

"आन् दाखोलं तं इथी जेवाले येऊ नको," मामी चुलीपासून म्हणाली.

प्रज्वलला गहिवरून आलं. बिचारे मामा! हिशेब जमत नाही म्हणून लाजतात! आता भाच्याने नाही तर कोणी त्यांची बाजू घ्यायची? त्याने ठरवलं, सगळ्या गावासमोर मामांची अब्रू राखायची.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पारावर मामीची नवी चादर ताणली गेली. मामीला न विचारता. वाशीमहून प्रोजेक्टर आला, गाव जमलं.

"आधी एक सांगतो," प्रज्वल म्हणाला, "मामांना कोणी दोष देऊ नका. या वयात बेरीज जड जातेच. खरे आकडे मी आणलेत!"

आणि त्याने बटण दाबलं. वरच्या वेटाळाच्या गुणांचा लाल खांब चादर ओलांडून थेट मारुतीच्या शेंदरापर्यंत गेला. खालच्या वेटाळाचा निळा खांब चादरीवरच्या छापील बदकाएवढा उभा राहिला.

यात विकासला नवीन काही नव्हतं. राजपाललाही नव्हतं. आजवर ते फक्त चारचौघांत कोणी बोललं नव्हतं.

विकासने ओठ दाबून पाहिले, पण हसू काही आवरेना. "पाह्य बे राजपाल, तुयं बदक!"

गर्दीतून कोणीतरी 'क्वॅक' केलं आणि आसेगाव मधोमध फाटलं.

वरच्या वेटाळाने मागच्या सगळ्या सामन्यांची मिरवणूक एकदमच काढली, दफडं वाजवत! दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरची वाटणी झाली. विकासने स्टिअरिंग काढून नेलं, राजपालने बॅटरी. ऐन पेरणीच्या तोंडावर एकाला ट्रॅक्टर नुसता वळवता येत होता, दुसऱ्याला नुसता सुरू करता येत होता. भागिरथाबाईचं घर बरोबर सीमेवर. ती भर चौकात कडाडली, "माया दरवाजा वरच्यात, न्हाणी खालच्यात! मी का आंग धुवाले दुश्मनाच्या मुलखात जाऊ?"

प्रज्वल दारोदार फिरला. "माझंच चुकलं हो! पुन्हा मोजलं, बरोबरीच आहे!"

"मामानं पढवून धाडलं वाटते!" राजपाल म्हणाला.

विकासही तेच म्हणाला. दोन्ही वेटाळांचं आता एकाच गोष्टीवर एकमत होतं. जगदेव पंच लबाड आहे!

मामांनी गळ्यातली शिट्टी काढून म्हशीच्या खुंट्याला अडकवली.

"काहून केलं रे असं?" मामी चादर झटकत म्हणाली. तिचा राग चादरीसाठी नव्हता. "तू जलमाच्या आंधी एकडाव खरा निकाल देल्ला होता यायनं. त्या सालच्या पोळ्याले गावात एकाच्या जागी दोन तोरणं बांधली. ज्यायची जोडी भागीतली, त्यायचा एक बैल वरच्या तोरणाखाली, एक खालच्या. मुके जीव दिवसभर हंबरले. तवापासून तुया मामानं कोनाले जिंकूच देल्लं नाई, बाप्पा."

प्रज्वलला आता उलगडलं. मामांची बेरीज कधीच चुकली नव्हती. चुकवली जात होती.

त्या पोळ्याला आसेगावात पुन्हा दोन तोरणं लागली. मधल्या मोकळ्या जागेत प्रज्वल डोकं धरून उभा होता. एक बैल हंबरला, पलीकडून दुसऱ्याने ओ दिली. त्याला वाटलं, दोघं आपल्याविषयीच बोलत आहेत.

उज्ज्वला मॅडम मात्र खूष झाल्या. "अप्रतिम! मोजणाऱ्यानेच सलोखा मोडला! असा निष्कर्ष कोणीच काढला नव्हता!"

पदवी मिळाल्यावर तो पेढे घेऊन गावी गेला. मामा पारावर एकटेच बसले होते. मैदानात शेळ्या चरत होत्या. मधली रेघ गवताखाली कधीच गेली होती.

"झाला का डाक्टर?"

"झालो, मामा."

"आन् कबड्डी?"

"बंद... माझ्यामुळं."

मामांनी पेढा तोंडात टाकला. दिवस बुडत होता. त्यांचा हात सवयीने गळ्याशी गेला, तिथे काही नव्हतं, तसाच खाली आला.

"तुले पदवी भेटली, आमची कबड्डी गेली," मामा म्हणाले. "बरोबरीत सुटला."

या खेपेला प्रज्वलने बेरीज तपासली नाही.