वर्तुळातली खुर्ची

वीबे आजोबांना ऑटिझम समजला होता. नगरपालिकेच्या संध्याकाळच्या वर्गात रीतसर बसून समजला होता, आणि तसं प्रमाणपत्र त्यांनी संडासात, डच रिवाजाप्रमाणे तिथे असणाऱ्या सगळ्यांच्या वाढदिवसांच्या कॅलेंडरशेजारी टांगलं होतं. तिथे प्रत्येक पाहुणा निवांत वाचतो. आता सत्तराव्या वाढदिवसाला ऑटिझम असलेली नात निन्के शेजारी बसून केक खाईल, एवढीच इच्छा होती. गेल्या वर्षी ती दारातूनच परत गेली होती.

पाहुणे खुर्च्यांच्या वर्तुळात बसले. वाढदिवस आजोबांचा, तरी रीतीप्रमाणे प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं: बायकोचं नवऱ्याबद्दल, मेव्हण्याचं भाऊजींबद्दल, शेजारणीचं शेजाऱ्याबद्दल. मग आजोबांनी हलक्या आवाजात माहिती दिली.

"या मुलांना जागा ठरलेली लागते. तीच ती वाक्यं बोलतात. क्रम चुकला की बिथरतात."

"अरेरे! बिच्चारी!" वर्तुळ हळहळलं.

निन्के कानांवर हेडफोन लावून आली आणि थेट आजोबांशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली. आजोबांचे डोळे भरून आले. तेवढ्यात मेव्हणे श्यूर्ड प्रमाणपत्र वाचून परतले.

"भाऊजी, ही माझी जागा."

"आज दुसरीकडे बस की."

"दुसरीकडे? तुमचं लग्न झाल्यापासून इथे बसतोय मी!"

शेजारीण समजूतदारपणे सरकली, म्हणून तिचा नवरा सरकला, म्हणून सगळेच सरकले. आता हवामानाबद्दल कुणाशी बोलायचं आणि गुडघ्याबद्दल कुणाशी, हेच कुणाला कळेना. या गोंधळात आजीने केकच्या आधी चीज आणलं.

"आधी चीज?" कुणीतरी किंचाळलं.

निन्केने एका कानावरचा हेडफोन उचलला. "आजोबा, यांना काय होतंय?"

"त्यांना जरा... बदल सोसत नाही गं."

ती लगेच उठली. "मामाआजोबा, बसा तुमच्या जागेवर."

श्यूर्ड बसले. सगळे परत सरकले.

"वारा सुटलाय आज."

"हो, सुटलाय खरा."

केक आला. निन्के आपली बशी घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली. शेजारी तिने बेताची जागा सोडली. "येता?"

आजोबांना जायचं होतं. फार जायचं होतं. पण वाढदिवसाच्या माणसाने वर्तुळातून उठायचं? असं आजवर कुणी केलं नव्हतं.

"येतो गं. हे सगळे गेले की."

निन्केने मान डोलावली. "सावकाश या. जमेल तेव्हा."

वाचकहो, हसा खुशाल. फक्त ही गोष्ट तुम्ही घरातल्या कुठल्या खुर्चीत बसून वाचताय, तेवढं एकदा बघून घ्या. कालही तीच होती ना?