सुगत मागे बसला की

लातूरची बस सुटायच्या बेतात होती आणि लुंबिनीच्या मोपेडला पुन्हा उचक्या लागल्या. मागे बसलेला तिचा नवरा सुगत खाली उतरला, तशी गाडी सुरळीत चालू लागली. तो धावत स्टँडवर पोचेस्तोवर बस वळणापलीकडे गेली होती. सुगत लातूरच्या एका शाळेत गणित शिकवायचा आणि या रोजच्या उशिरापायी मुख्याध्यापकांनी त्याला केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. त्याला स्वतःला गाडी येत नव्हती, त्यामुळे बायकोवर रागावायचीही सोय नव्हती.

शरणप्पा मेकॅनिकने प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला आणि सगळ्या औसा गावात गाडी फिरवून आणली. ती एकदाही अडखळली नाही. लुंबिनी एकटी चालवायची तेव्हाही तशीच गुणी. दुसऱ्या दिवशी सुगत मागे बसला आणि गल्ली ओलांडायच्या आत उचकी.

"अहो, राग मानू नका," लुंबिनी म्हणाली, "पण तुम्ही बसलं की असं करायलीय ती."

सुगतला राग आला नाही, नवल वाटलं. आपलं वजन इंजिनाला पेलत नसावं, असा कयास त्याने बांधला आणि पडताळा घ्यायला शेजारच्या ईश्वरप्पा किराणावाल्यांना मागे बसवलं. ईश्वरप्पा म्हणजे दोन सुगत. त्यांना घेऊन गाडी चढसुद्धा हसतखेळत चढली. ते इतके खूश होऊन उतरले की संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, लुंबिनीच्या गाडीला सगळे चालतात, फक्त नवरा चालत नाही.

गल्लीतल्या नागाबाई गाडीवरून उतरवायला लिंबू घेऊन आल्या. सुगतने नम्रपणे नकार दिला. शरणप्पाने मात्र लिंबू ठेवून घेतलं आणि सरबत केलं.

रविवारी गॅरेजसमोर गाडी स्टँडवर लावून चालू केली. लुंबिनी पुढे बसली. सुगत मागे बसला की उचकी, उठला की बंद. त्याने मोबाइल काढून ठेवला, मग घड्याळ, मग चपला. शर्टाच्या बटणालाही त्याने हात घातला, तेव्हा लुंबिनीने त्याला थांबवलं.

"मघापासून बघायलेय मी," ती म्हणाली. "ईश्वरप्पांचं पोट मोठं, ते पार मागं बसले होते. तुम्ही मला चिकटून बसता. जरा मागं व्हा बरं."

बघ्यांदेखत हे ऐकून सुगत कानापर्यंत लाल झाला. तो मागे सरकला आणि इंजिन सुरळीत झालं. पुढे आला, उचकी. शरणप्पाने सीट खोलली. कॉईलकडे जाणारी वायर सीटच्या मधल्या भागाखाली घासून उघडी पडली होती. नेमकी तिथेच सीट दबली की तांबं लोखंडाला टेकायचं, करंट गाडीच्या सांगाड्यात जायचा आणि प्लगला ठिणगीच मिळायची नाही.

"माझ्या टकुऱ्यातच आलं न्हाई," म्हणत शरणप्पाने टेप गुंडाळली आणि वायर बाजूला बांधली.

सोमवारी सुगत सीटच्या पार टोकाला, कॅरियर धरून बसला. गाडी सुरेख चालली होती. थोडं पुढे गेल्यावर लुंबिनी म्हणाली, "पुढं सरका की."

"राहू दे. उगं कशाला गाडीला त्रास."

"वायर नीट झालीय. सरका."

सुगत सरकला. इंजिन एका लयीत चालत राहिलं. स्टँडवर बस उभीच होती, पण लुंबिनीने गाडी थांबवली नाही. सरळ पुढे नेली, किल्ल्यापर्यंत, आणि तिथून सावकाश वळवून आणली.

बस त्या दिवशीही चुकली. गाडीत मात्र काही दोष नव्हता.