बत्तिसावी तपासणी

"जुन्या गाडीच्या व्यवहारात मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय!" मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी कप असा काही टेबलावर ठेवला की अर्धा चहा बशीत आला.

लेकीनं बशीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"बाबा, गेल्या महिन्यात तुम्ही बादली आणलीत. तिला भोक होतं."

"बारीक होतं."

"त्याआधी छत्री आणलीत. उघडली की मिटत नव्हती."

"पावसात कशाला मिटायची?"

"आणि ती इस्त्री..."

"इस्त्रीचं नाव काढू नकोस!"

इस्त्रीचं नाव काढण्यासारखं खरंच नव्हतं. तिच्यामुळे तीन सदरे गेले होते आणि शेजारच्यांचा एक पडदा.

मिस्त्री सुतार होते. चाळीस वर्षं त्यांनी कपाटं, पलंग, टेबलं केली. फळीवरून नुसता हात फिरवला की ती कधी वाकेल ते सांगत. पण लाकूड सोडून बाकी सगळी खरेदी बायकोची. ती खाट घ्यायला गेली की दुकानातच तिच्यावर झोपून बघायची. आडवी पडायची नाही, झोपायची! एकदा अर्धा तास घोरली, आणि दुकानदार बाकीच्या गिऱ्हाइकांना "जरा हळू बोला" म्हणत राहिला. अशा वेळी मिस्त्रींचं काम एकच, पिशवी धरून उभं राहणं. चौदा महिन्यांपूर्वी ती गेली आणि मिस्त्रींच्या हातात पिशवी तेवढी राहिली.

"म्हणून म्हणते, माझ्याकडे राहायला या," लेक म्हणाली. "खोली रिकामीच आहे. वर्कशॉप काय, रोज जाऊन येऊन करता येईल."

हा विषय दर रविवारी निघायचा. मिस्त्रींना घर सोडायचं नव्हतं. कारण ते सांगत नसत, पण ते फ्रिजच्या दारावर होतं. लोहचुंबकाखाली बायकोच्या हातची शेवटची सामानाची चिठ्ठी होती. साबण, मीठ, बल्ब, सुतळी. चारही वस्तू आणून वर्ष झालं होतं. चिठ्ठी तिथंच होती.

"ठरवून टाकू," मिस्त्री म्हणाले. "कपाटं पोचवायला मला गाडी लागतेच. भाड्याचे टेंपोवाले कोपरे फोडून आणतात. मी जुनी दणकट पिकअप घेतो. न फसता घेतली, तर हा विषय तू पुन्हा काढायचा नाहीस."

"आणि फसलात तर?"

"तर सामानासकट तुझ्याकडे!"

"कबूल," लेक म्हणाली. तिनं इतक्या पटकन कबूल करायला नको होतं, असं मिस्त्रींना वाटून गेलं.

त्यांनी तयारी मात्र जय्यत केली. आठ दिवस जो भेटेल त्याला विचारलं, आणि काय काय तपासायचं त्याची यादी केली. कागदावर लिहायची त्यांना सवय नव्हती, मापं ते प्लायवूडवरच लिहीत. त्यामुळे यादीही दोन फूट लांब प्लायवूडवर झाली. एकतीस कलमं! शिवाय सोबतीला मेव्हणा. मेव्हणा तीस वर्षं बसचा कंडक्टर होता आणि गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं, असं त्याचं म्हणणं होतं. गाडी त्यानं कधी चालवली नव्हती, पण ती गोष्ट त्याच्या म्हणण्याच्या आड कधी आली नव्हती.

गाडी एका नर्सरीवाल्याची होती. माणूस शांत. हातात पाण्याचा पाइप, समोर कुंड्यांच्या रांगा आणि एका कडेला ती पिकअप. हत्तीसारखी रुंद, मागे चार टायर. मिस्त्रींनी नमस्कारही केला नाही. धावत जाऊन बॉनेटवर दोन्ही हात टेकले.

"काय झालं?" नर्सरीवाल्यानं विचारलं.

"कलम एक!" मेव्हणा म्हणाला. "इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल, तर सकाळी थंडीत सुरू होताना काय नखरे करतं ते लपतं. भावोजी, कसं आहे?"

"गार!"

मेव्हण्यानं कानावरची पेन्सिल काढून प्लायवूडवर खूण केली.

मग चाव्या घेऊन गाडी सुरू केली. मेव्हणा पांढरा रुमाल घेऊन मागे धुराड्यापाशी उभा राहिला. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितंय, काळा म्हणजे डिझेल वाया जातंय. रुमाल पांढराच राहिला. मेव्हणा तेवढा पाच मिनिटं खोकला. मिस्त्रींनी तेलाची पट्टी काढून बोटानं चोळली. मीटरवरचा आकडा पाहिला आणि लगेच वाकून पायाखालच्या पेडलांचं रबर पाहिलं. मीटर कमी आणि रबर गुळगुळीत असेल, तर समजावं की मीटर फिरवलाय. मीटर आणि रबराचं जमत होतं. मग फ्रिजवरून मुद्दाम आणलेलं लोहचुंबक काढलं. चिठ्ठी त्यांनी घडी करून आधीच खिशात ठेवली होती. चुंबक पत्र्यावरून फिरवत नेलं. ड्रायव्हरच्या दारावर एका जागी ते चिकटेना.

"पकडला!" मिस्त्री ओरडले. "इथं पत्रा नाही, लांबी भरून वर रंग दिलाय! अपघात झालाय!"

"झालाय," नर्सरीवाला म्हणाला. "शिडी पडली होती."

इतकं खरं बोलणारा विकणारा दोघांनीही पाहिला नव्हता. त्यामुळे संशय वाढला! मिस्त्री पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. सांगाडा गंजलाय का, कुठं जोड दिलाय का, स्प्रिंगच्या पाट्यांना तडा आहे का, ते पाहायचं होतं. सवयीनं त्यांनी सांगाड्यावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं आणि कान लावला.

"पोकळ आहे हो!"

"लोखंड आहे ते, भावोजी! सागवान नाही!"

तेवढ्यात मिस्त्रींची पाठ ओली झाली. मग मान. मग विजार.

"गळतेय! गाडी गळतेय! धो धो गळतेय!"

"ते माझं पाणी," नर्सरीवाला म्हणाला आणि त्यानं पाइप दुसऱ्या वाफ्याकडे वळवला.

चिखलातून बाहेर आलेल्या मिस्त्रींनी तीस कलमं पुरी केली. क्लच, ब्रेक, स्टिअरिंगचा ढिलेपणा, टायरची आतली बाजू, कागदपत्रांवरचा आणि सांगाड्यावर कोरलेला नंबर. सगळं चोख! उरलं कलम एकतीस. वजन भरून चढावर चालवून बघणे. हे कलम यादीत कुणाकडून आलं नव्हतं. हे बायकोचं होतं. झोपल्याशिवाय खाट घ्यायची नाही.

"संध्याकाळपर्यंत घेऊन जा," नर्सरीवाला म्हणाला. "हवं ते भरा."

आता टनभर वजन आणायचं कुठून? वर्कशॉपमधलं लाकूड संपलेलं. मग घरात काय ते होतं! मिस्त्रींनी गाडी घरासमोर रस्त्याच्या कडेला लावली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताशी धरून लोखंडी कपाट चढवलं. वजन कमी वाटलं. पलंग चढवला. ट्रंका, शिलाईमशीन, गहू भरलेली कोठी, आणि शेवटी फ्रिज.

घरमालकीणकाकू दारात आल्या. काकू शिवणाचे वर्ग चालवत आणि जागा पुरत नाही म्हणून रोज दोनदा हळहळत.

"मिस्त्री, हे काय?"

"लेकीच्या घराचा चढ चढवून बघतो!" मिस्त्री ड्रायव्हरच्या जागेवरून ओरडले. "किल्ली तुमच्याकडे ठेवा!"

किल्ली ते नेहमीच काकूंकडे ठेवत. पण फ्रिज घेऊन ते नेहमी जात नसत! काकूंनी डोळ्याला पदर लावला, किल्ली मुठीत धरली आणि गाडी वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत लेकीला फोन लावला.

"निघाले गं बाई तुझे बाबा. सगळं घेऊन निघाले. फ्रिजसुद्धा!"

इकडे गाडी चढाला लागली. गावातला सगळ्यात उभा चढ! रिकाम्या रिक्षा तिथं धापा टाकत. पिकअप मात्र पलंग-कपाटासकट अशी चढली की जणू चढानंच वाट सोडली. मेव्हण्यानं आनंदानं पत्र्यावर दोनदा थाप मारली, टण टण! चढ संपला की लेकीची गल्ली. गाडी जेमतेम मावेल एवढी, लेकीच्या फाटकाकडे किंचित उतरती, आणि पुढे बंद. मिस्त्री थेट फाटकाशी जाऊन थांबले. लेकीला ही चढाई दाखवायचीच होती.

लेक दारात उभी होती. मागे खोलीची खिडकी उघडी, नवा पडदा, आणि मदतीला बोलावलेले गल्लीतले सहा जण.

"बाबा!" तिचे डोळे भरून आले. "आधी सांगायचं तरी!"

"काय सांगायचं? अगं, वजन बघायला आणलंय! झाली तपासणी. चाललो परत."

त्यांनी गिअर टाकला. खर्रर्र! पुन्हा टाकला. खर्रर्रर्र! गाडी जागची हलली नाही.

"मागचा गिअर टाका, भावोजी!"

"तोच टाकतोय!"

मग सगळे प्लायवूडभोवती जमले. एकतीस कलमं, एकतीस खुणा. मागच्या गिअरचा उल्लेख कुठंच नव्हता.

"मामा!" लेक म्हणाली. "तीस वर्षं तुम्ही शिट्टी वाजवून बस मागे घ्यायला लावल्यात. आणि हेच विसरलात?"

"तेव्हा मी खाली उभा असायचो," मेव्हणा मान खाली घालून म्हणाला. "गिअर ड्रायव्हरच टाकायचा."

मिस्त्रींनी नर्सरीवाल्याला फोन लावला.

"मागचा गिअर? नाही पडत," तो म्हणाला. पाण्याचा आवाज मागे येतच होता. "चार वर्षं झाली. माझ्याकडे एका फाटकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. मला कधी लागलाच नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही एकतीस गोष्टी विचारल्यात. ही विचारली नाहीत. मला वाटलं, यांना मागे जायचं नसेल."

गाडी ढकलून काढायचं ठरलं. ढकलायची तर हलकी करायला हवी. गल्लीतल्या लोकांनी भराभर सामान उतरवलं आणि विचारायच्या आत थेट खोलीत नेऊन लावलं. पलंग खिडकीशी, कपाट भिंतीशी, फ्रिजची पिनसुद्धा कुणीतरी लावून दिली! मग आठ जणांनी गाडीला छाती लावली. गाडी दोन बोटं सरकली आणि उतारामुळे चार बोटं परत आली. मेकॅनिक आला, खाली डोकावला आणि म्हणाला, गिअरबॉक्स इथंच उतरवावा लागेल, दहा दिवस!

"फसलात, बाबा," लेक म्हणाली.

"कसा फसलो? मी गाडी अजून घेतलेलीच नाही!" मिस्त्रींना एकदम मुद्दा सापडला. "न घेतलेल्या गाडीत माणूस फसत नाही."

"मग परत देऊन या."

मिस्त्रींनी फाटकात अडकलेल्या हत्तीकडे पाहिलं. मुद्दा जागच्या जागी बसला, गाडीसारखाच.

तेवढ्यात काकूंचा फोन. "मिस्त्री, पोचलात ना सुखरूप? मी खोली झाडून घेतली हो. तीन मशिनं मांडून झाली, उद्यापासून वर्ग. तुम्ही मोठ्या मनाचे!"

मिस्त्रींनी फोन खिशात ठेवला. खिशात चिठ्ठी लागली. ते खोलीत गेले, फ्रिजसमोर उभे राहिले, आणि लोहचुंबकानं ती जिथं होती तिथंच परत लावली.

लेक मागे उभी होती. "आईचं अक्षर." तिनं वाचलं. "साबण, मीठ, बल्ब, सुतळी. आणलंत का सगळं?"

"आणलं. बल्ब लागत नाही."

लेक हसायला लागली आणि हसता हसता तिनं तोंड पदरात लपवलं. मिस्त्रींनी चुंबक जरा सरळ केलं.

"मागे कसं यायचं, तुझ्या आईनं पहिलं तेच विचारलं असतं," ते म्हणाले. "कुठल्याही दुकानात शिरली की आधी विचारायची, परत घ्याल ना? मी पिशवी धरून बाजूलाच असायचो. हजार वेळा ऐकलंय. आणि लिहायचं राहिलं."

त्यांनी प्लायवूड ओढलं आणि तळाशी लिहिलं. कलम बत्तीस, गाडी मागे जाते का ते बघणे. मग नजर भिंतीवरच्या फळीवर गेली. ती लेकीनं स्वतः ठोकली होती आणि डावीकडे चांगली इंचभर उतरती होती. अशी फळी डोक्यावर असताना कुठल्या सुताराला झोप लागेल? मिस्त्रींनी हातोडी मागवली.

पिकअप त्यांनी घेतली. गिअरबॉक्स बरोबर दहा दिवसांत बसला. आज त्याला पाच महिने झाले. मिस्त्री रोज सकाळी वर्कशॉपवर जातात, आणि संध्याकाळी गाडी उलटी घालत सबंध गल्ली मागे मागे येतात. मेव्हणा खाली उभा राहून शिट्टी वाजवतो, "येऊ द्या, येऊ द्या, बास!" सगळी गल्ली बघते.

आणि घरी परत कधी जाणार असं कुणी विचारलंच, तर मिस्त्री बॉनेटवर हात ठेवतात आणि गंभीरपणे सांगतात, "जायचंय हो. पण मागचा गिअर अजून नीट बसलेला नाही."