इंगवल्यांच्या फटफटीस विम्याचे छत्र मागितल्याची हकीकत

श्रीगजवदन साह्य असो. धनी, आपण पुसिले की अंबूबाईसाहेब इंगवले आणि विमासरकार यांचे वाकडे कशावरून आले, ते साद्यंत लिहून धाडावे. त्यास जैसे घडले तैसे लिहिले आहे. कडू लागल्यास लिहिणारावर रुसू नये. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, भाद्रपद वद्य पक्षी प्रसंग उभा राहिला, आणि संवत्सराने आपल्या नावास बट्टा लागू दिला नाही.

बाईसाहेब यत्ता दुसरी शिकल्या, परंतु त्यांच्या जिभेपुढे वकील चळचळा कापत. त्यांचे यजमान कैलासवासी दौलतराव यांनी तरुणपणी विलायती बनावटीची, हिरव्या टाकीची फटफटी पैदा केली, आणि ते वारले मग बाईसाहेबांनी कासोटा मारून स्वतः स्वारी धरिली. रोज तिजवर मळ्यात जावे, येताना वैरणीचा भारा बांधून आणावा, आणि दसऱ्यास तिजवरच बसोन गावची शीव ओलांडावी, ऐसा शिरस्ता पडला. मग त्या साली शेजारच्या जगदाळ्यांची तैसीच जुनी फटफटी एका टेंपोने उडविली, आणि विमासरकारने भंगाराचा भाव लावून बोळवण केली, आणि जगदाळे दारात सुन्न बसले. ते पाहोन बाईसाहेबांनी धसका घेतला की दौलतरावांचे एवढेच चालते-बोलते मागे उरले आहे, तेही उद्या कोणी तराजूत घालील. मग चिरंजीव हैबतरावांस संगे घेऊन विमासरकारच्या कचेरीवर चालून गेल्या.

तेथे परिमल देवस्थळी नामे तरुण अधिकारी गादीवर होते. त्यांनी संगणकात डोकावोन सांगितले, "आजी, इतक्या जुन्या गाडीला आमच्याकडे किंमतच येत नाही. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर आम्ही भरू. गाडीचं काही झालं तर मात्र काही नाही."

"म्हंजे ही दुसऱ्याला लागली तर त्याला औषध, आन् दुसरा हिला लागला तर हिला मसण?"

"नियम आहे, आजी."

"आजी घरात नातवाची. हितं बाईसाहेब म्हन. आन् मला सांग, तुझ्या आज्याचं वय वाढलं तवा तुमी त्याचा भाव उतरवला व्हता का?"

हैबतराव फरशी न्याहाळीत उभे राहिले, ऐशा समयी ते फरशीच न्याहाळीत. देवस्थळींस हसू आले आणि ते म्हणाले, "अँटिक गाड्यांचा वेगळा विमा असतो. किंमत आपण दोघांनी आधीच ठरवायची, मग ती उतरत नाही. पण मी येऊन पाहणी करणार."

मग खंडेनवमीच्या अलीकडे देवस्थळींची स्वारी विजेरी घेऊन अंगणात दाखल झाली, आणि पांढऱ्या सदऱ्यानिशी फटफटीखाली आडवी झाली, आणि हात फिरवून फिरवून थकली, परंतु इंजिनावरचा नंबर सापडेना. कारण ऐसे की दर खंडेनवमीस दौलतराव इंजिनाची पूजा करोन तेलात कालविलेला शेंदूर बोटाने लावीत, आणि त्यांच्यामागे बाईसाहेबांनी तो नेम चालविला, आणि आदला शेंदूर कधी पुसिला नाही. होता होता त्याचे अंगठ्याएवढे जाड कवच जाहले, आणि नंबर त्याखाली समाधिस्थ जाहला. देवस्थळींनी खिशातून पेचकस काढिला. "नंबर दिसल्याशिवाय विमा नाही. खरवडावं लागेल."

"ते परत खिशात घाल. तुमच्यात बाईचं कुंकू पुसून वळख पटवत्यात व्हय?"

हैबतराव धीर करोन बोलिले, "आई, नंबर न्हाई तर विमा न्हाई."

"तू गप. तुझ्यावर तरी कुठं नंबर कोरला व्हता? तरी घेतलाच न्हवं पदरात."

परंतु बाईसाहेब पायरीवर बसल्या, आणि राग उतरला, आणि मनात आले की शेंदराचा सर्वांत खालचा हात दौलतरावांचा आहे, तो परक्याच्या पेचकसाने निघता कामा नये. मग त्यांनी तेल कोमट केले, आणि कडेकडेने जिरविले, आणि लाकडी उलथन्याने हळूच उचलिले, तोच कवच अखंड निघोन हातात आले. आतल्या अंगास नंबर उलटा उमटला होता. बाईसाहेबांनी ते पदरात गुंडाळिले आणि कोणाकडे पाहिले नाही. इंजिनावर तर अक्षर न् अक्षर कालच कोरल्यासारखे, गंजाचा ठिपका नाही. देवस्थळी म्हणाले, "इतका स्वच्छ नंबर मी कुठंच पाहिला नाही." आणि बाईसाहेबांच्या मनाजोगती किंमत खुशीने मान्य केली.

मग तहाची कलमे वाचू लागले. गाडी बंद खोलीत ठेवावी. प्रदर्शनाखेरीज बाहेर काढू नये. रोजच्या कामास लावू नये.

"आन् वैरण?"

"नाही."

"दसऱ्याची शीव?"

"गर्दीत तर मुळीच नाही."

"मग करायचं काय तिचं?"

"जपायचं, बाईसाहेब."

बाईसाहेबांनी टाकीवर हात ठेविला आणि आवाज न चढविता म्हणाल्या, "त्यांचा फोटो मी भिंतीला लावला, कारन ते गेलं. ही अजून जित्ती हाय. हिचा फोटो मी करनार न्हाई. तुझं मोठं छत्र तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. दुसऱ्याच्या औषधाचा तो बारका विमा दे, रस्त्याला तेवढा लागतो."

"आणि गाडीचं काही झालं तर?"

"पडली तर उचलू, मोडली तर जोडू. तोडून इकायला मातर कुनाच्या हाती देनार न्हाई."

देवस्थळींनी लहान विमा करोन दिला. मग विजयादशमीस बाईसाहेब स्वार जाहल्या आणि शिवेच्या वाटेने निघाल्या. समोरून एक टेंपो भोंगा वाजवीत आला, आणि बाईसाहेबांनी रस्त्याचा मध्य सोडिला नाही, आणि टेंपोच कडेच्या मातीत उतरोन उभा राहिला. बाईसाहेब वेग कमी न करिता शिवेपार गेल्या.

सारांश, विमासरकारचे राज्य जैसेच्या तैसे आहे, आणि फटफटी चालू आहे. अधिक काय लिहिणे. पुसणारांनी सकाळी मळ्याच्या वाटेवर उभे राहावे, आवाज आधी येतो.