माशीसरांचा पांढरा मोजा

माशीसरांची बायको घर सोडून गेली ती फ्रीजमुळे. फ्रीजचा तसा काही दोष नव्हता. माश्यांवर संशोधन करणाऱ्या आपल्या नवऱ्याला सगळी गल्ली माशीसर म्हणते, हेही तिने कधीच पोटात घातलं होतं. पण माश्या थंडीत निपचित पडतात आणि ऊब लागली की उठतात, हे स्वतःच शोधून काढलेल्या माणसाने माश्यांचा डबा घरच्या फ्रीजमध्ये ठेवावा, आणि तोही लोण्याच्या डब्याला खेटून? सासूबाई भेटायला आल्या होत्या. त्यांनी लोणी समजून डबा टेबलावर आणला, झाकण काढलं आणि आत न बघताच बोलत बसल्या. बोलणं लांबलं. माश्या उठल्या.

सासूबाई त्याच पावली समोरच्या इमारतीतल्या आपल्या घरी गेल्या आणि जाताना लेकीलाही घेऊन गेल्या.

तेव्हापासून बायको फोन उचलत नव्हती. सर दारापर्यंत जाऊन आले, तर दार न उघडता आतून सासूबाईंनीच "घरात कोणी नाही" असं सांगितलं. इकडे सरांना घर खायला उठलं होतं. तिच्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागेना. माफी मागायची म्हटलं, तर अशा वेळी त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. लग्नाचं विचारलं होतं तेसुद्धा तिनेच. रविवारी सकाळी ती समोरच्या खिडकीत कपडे वाळत घालताना दिसली आणि सरांच्या डोक्यात प्रकाश पडला.

सर ज्या माशीचा अभ्यास करत, तिच्या नराला पुढच्या पायांच्या टोकांना पांढऱ्या केसांचे झुबके असतात. मादी दिसली की तो ते पाय आळीपाळीने वर नेऊन हलवतो. मादीला पटलं तर ती एक पंख जरासा उचलते. दोन्ही उचलले, तर नराने मुकाट्याने चालू लागायचं. सरांचा सगळा प्रबंध बायकोनेच मोठमोठ्याने वाचत टाइप केला होता, त्यामुळे ही भाषा तिला तोंडपाठ होती.

सरांनी हातांत मोजे चढवायचं ठरवलं. पांढरा एकच सापडला. जोडीच्या मोज्यासाठी त्यांनी कपाट पालथं घातलं, शेवटी दुसऱ्या हातात तपकिरी चढवला आणि खिडकीत उभं राहून हात हलवायला सुरुवात केली.

खाली गल्लीत एक ट्रक मागे येत होता. ड्रायव्हरने मान बाहेर काढून पाहिलं, तर वरून एक भला माणूस 'येऊ दे, येऊ दे' करत होता. त्याने येऊ दिलं. रस्त्याकडेचा नळ मुळासकट उखडला आणि पाण्याची चिळकांडी पहिल्या मजल्याला जाऊन भिडली. बघता बघता गर्दी जमली. शहाणा माणूस उगाच असे हात हलवणार नाही, म्हणजे वर आग लागली असणार, असा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने अंदाज बांधला आणि अग्निशमन दलाला फोन लावला.

सरांना हे सगळं दिसत होतं, पण थांबायची सोय नव्हती. समोर बायको ओला टॉवेल हातात धरून टक लावून बघत होती. तिचं कोपर काही हलत नव्हतं. एवढ्यात बंब आला, शिडी वर चढली आणि हेल्मेट घातलेलं एक डोकं खिडकीशी येऊन ठेपलं.

"काका, आग कुठंय?"

"आग नाही."

"मग हात खाली घ्या."

"नाही घेता येत. नर मध्येच थांबला, तर ती तोंड फिरवते ती कायमची."

"कोण?"

"मादी," सर म्हणाले, आणि समोर बघतात तर खिडकी रिकामी. हात मात्र त्यांनी चालूच ठेवले, पण त्यांत आता जीव नव्हता.

मग खालून ओळखीचा आवाज आला.

"अहो, एका पायाला झुबका नसला तर मादी ढुंकूनही बघत नाही, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

बायको घोटाभर पाण्यात उभी होती आणि तिच्या हातात दुसरा पांढरा मोजा होता. रागारागाने पिशवी भरताना तो तिच्या कपड्यांत गेला होता. जवान निमूटपणे खाली उतरला, मोजा घेऊन वर आला आणि तपकिरी मोजा त्याने स्वतःच्या हाताने उतरवून घेतला. सरांनी पांढरा चढवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ट्रक ड्रायव्हरसकट सगळी गल्ली माना वर करून बघू लागली. बायकोने इकडेतिकडे पाहिलं, ओठ दाबून हसू आवरलं आणि डावं कोपर जरासं उचललं.

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आधी फ्रीज पुसा. मग येते," ती म्हणाली.

"जमलं का हो काका?" जवानाने हळूच विचारलं. सरांनी मान डोलावली आणि कृतार्थ नजरेने समोर पाहिलं.

समोरच्या खिडकीत आता सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही कोपरं चांगली खांद्यापर्यंत उचलली होती. लेक प्रबंध टाइप करायची, तेव्हा त्या शेजारीच बसलेल्या असायच्या.